पैठणीचा ब्लाउज घरी शिवायचा, तर आधी मांजरपाट आणा

तुळशीचं लग्न झालं की पुण्यातल्या टेलरकाकूंच्या दारावरची गर्दी वाढते आणि "आता संक्रांतीनंतरच मिळेल" हे उत्तर ठरलेलं असतं. काही वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नासाठी मी वेळेत, दीड महिना आधी, पैठणीचा ब्लाउज शिवायला टाकला होता. आला तेव्हा आरशासमोर छान दिसला. पण अक्षता टाकायला हात वर केला की अख्खा ब्लाउज वर सरकायचा आणि कंबरेशी दोन बोटं पाठ उघडी पडायची. तक्रार केली तर टेलर म्हणाले, मुंढा (बाही जोडतात तो काखेचा गोल) घट्ट होतोय, जरा खोल करून देतो. खोल केला, आणि ब्लाउज आणखीच वर जायला लागला. लग्नाचा सगळा दिवस मी एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने ब्लाउज खाली ओढत होते.

लग्नानंतर तो ब्लाउज मी घरी पूर्ण उसवला, तेव्हा गोष्ट लक्षात आली. मुंढा काखेच्या खूप खाली असला की हात आणि ब्लाउजची बाजू एकमेकांना बांधल्यासारखी होतात. हात वर गेला की बाजू त्याच्याबरोबर जाते. मुंढा काखेच्या जवळ असला तर बाही एकटी हलते, अंग जागेवर राहतं. म्हणजे हात मोकळा हवा असेल तर मुंढा वर घ्यायचा, खाली नाही. हे ऐकून पटत नाही. अंगावर घालून बघितल्याशिवाय मलाही पटलं नव्हतं. म्हणूनच या लेखात शिवणापेक्षा ट्रायलवर जास्त शब्द खर्च केले आहेत. सरळ टीप मारता येत असेल आणि एखादा साधा सुती ब्लाउज किंवा कुर्ता शिवून झाला असेल, तर पैठणीचा अस्तराचा प्रिन्सेस कट (मुंढ्यापासून कंबरेपर्यंत उभ्या वळणदार शिवणीचा) ब्लाउज तुम्हाला नक्की जमेल. फक्त घाई नको. कार्याच्या आधी तीन आठवडे हाताशी ठेवा.

काय काय आणायचं

दोन मीटर मांजरपाट (आधी ट्रायलचा ब्लाउज शिवायला साधं सुती कापड), एक मीटर अस्तर, बारीक पॉलिएस्टर दोरा, कच्च्या शिलाईला साधा सुती दोरा, हूक, गळ्यासाठी पातळ चिकट कॅनव्हास आणि मशीनच्या नवीन सुया. अस्तराला टू बाय टू रुबिया, म्हणजे तलम सुती कापड घ्या. चकचकीत सिंथेटिक अस्तर स्वस्त पडतं, पण कार्यालयातल्या गर्दीत, होमाजवळ बसल्यावर अंगाला चिकटतं. लक्ष्मी रोड आणि तुळशीबागेच्या गल्ल्यांतल्या मॅचिंगच्या दुकानांत हे सगळं एका फेरीत मिळतं. जाताना ब्लाउजपीस बरोबर न्या आणि अस्तराचा रंग दुकानाच्या दाराशी, दिवसाच्या उजेडात लावून बघा. ट्यूबलाइटखाली राणी कलर आणि जांभळा यांत हमखास फसगत होते. दोरा अगदी तंतोतंत मिळत नसेल तर एक छटा गडद घ्या, फिकट दोरा शिवणीवर उठून दिसतो. ड्राफ्टिंगसाठी, म्हणजे मापं कागदावर आखायला, खाकी कागदाचे मोठे ताव अप्पा बळवंत चौकात मिळतील.

अस्तर आणि मांजरपाट रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. शिवल्यानंतर अस्तर आटलं तर वरचं रेशीम फुगून राहतं आणि त्यावर मग काही उपाय नाही. रेशीम मात्र भिजवू नका.

मशीनला ११ नंबरची नवीन सुई लावा, कापड फारच तलम असेल तर ९ नंबरची. जुनी, किंचित बोथट सुई रेशमाचा धागा ओढते आणि कापडावर आडवी रेघ उमटते, ती जात नाही. टाका २ ते २.५ मिलिमीटर, म्हणजे इंचाला साधारण १० ते १२ टाके. ब्लाउजपीसच्या कडेच्या चिंधीवर, खाली अस्तर घेऊन, आधी टीप मारून बघा.

मापं

जुन्या ब्लाउजवरून माप घेऊ नका. जुना ब्लाउज ताणलेला असतो आणि त्याच्या चुकाही नव्यात येतात. मापं अंगावर घ्यायची, आणि त्या दिवशी जी ब्रा घालणार आहात तीच घालून. ब्रा बदलली की टक्स पॉइंट, म्हणजे छातीचं टोक, अर्धा-पाऊण इंच वरखाली होतो. घेणारं माणूस दुसरं हवं, स्वतःचं शोल्डर स्वतःला घेता येत नाही.

मी उदाहरणाला ही मापं धरते: छाती ३६, छातीखालचा घेर ३०, ब्लाउजची उंची १४.५, शोल्डर १४, मुंढ्याचा घेर १५, दंडघेर १२, बाहीची लांबी १०, खांद्याच्या मानेकडच्या टोकापासून टक्स पॉइंटपर्यंत १०, दोन टक्स पॉइंटमधलं अंतर ७.५. सगळी इंचात. मुंढ्याचा घेर घेताना हात खाली सोडलेला असावा आणि टेप काखेत बोटभर सैल असावी. इथेच बहुतेक जण दोन इंच वाढवून लिहितात, "हात आखडायला नको" म्हणून, आणि वर सांगितलेला प्रकार सुरू होतो.

कागदावर

आधी मागचा भाग, अर्धा. कागदाची सरळ कड म्हणजे पाठीचा मध्य. शोल्डर १४ चं अर्धं ७. मागचा गळा ८ इंच खोल ठेवायचा असेल तर त्यातून पाव इंच कमी करा, ६.७५ घ्या, नाहीतर खोल गळ्यामुळे खांदे घसरतात. गळ्याची रुंदी मध्यापासून ३ इंच. खांद्याच्या टोकाला पाऊण इंच उतार. मुंढ्याची खोली वरच्या रेषेपासून ७ इंच. तिथे छातीची रेषा काढा: छातीचा चौथा भाग ९ इंच. खाली कंबरेशी ७.५. हा दीड इंचाचा फरक असा वाटा: एक इंच पाठीच्या टक्समध्ये (आकार देण्यासाठी शिवलेल्या घडीत), अर्धा इंच बाजूच्या शिवणीत.

पुढच्या भागाला छातीच्या रेषेवर ९.५ आणि कंबरेशी ७.७५. छातीवर एकूण ३७ होतात, म्हणजे अंगापेक्षा एक इंच जास्त. अस्तराच्या ब्लाउजला एवढी सैलाई पुरते. पुढच्या मुंढ्याचा गोलवा मागच्यापेक्षा अर्धा इंच जास्त आत घ्या, कारण हात पुढे येतो. मग टक्स पॉइंट मांडा: वरून १०, मध्यापासून ३.७५. खांद्याच्या टोकापासून मुंढ्यावर साधारण ३.५ इंच खाली येऊन तिथून एक वळण टक्स पॉइंटच्या बाजूने, पॉइंटपासून अर्धा इंच काखेकडे ठेवून, खाली कंबरेपर्यंत आणा. हीच प्रिन्सेस लाइन. या रेषेवर कंबरेशी सव्वा इंच आणि मुंढ्याशी पाव ते अर्धा इंच कमी करायचा, छातीच्या उंचीवर काहीच नाही. रेषेवर तीन ठिकाणी आडव्या खुणा करा, एक टक्स पॉइंटला, एक त्याच्या दोन इंच वर, एक दोन इंच खाली. मगच कागद कापून दोन भाग वेगळे करा. या खुणांशिवाय तो गोल भाग जुळवणं अवघड जातं.

आता टेप कडेवर उभी धरून दोन्ही मुंढे मोजा, शिलाईच्या रेषेवर, कागदाच्या कडेवर नाही. पुढचा आणि मागचा मिळून १५.५ च्या आसपास यायला हवा. जास्त आला तर मुंढा वर घ्या. बाहीचा गोलवा (मुंढ्याला जोडायची वरची गोल कड) त्यापेक्षा अर्धा ते पाऊण इंच मोठा हवा. १३.५ इंच रुंद आणि ३.७५ इंच उंच गोलवा काढलात तर या मापाला जुळतो. तोही मोजून बघा, कारण प्रत्येकीच्या हाताचं वळण वेगळं पडतं.

मांजरपाटाची ट्रायल

हा टप्पा गाळू नका. रेशमातून टीप उसवली की सुईची भोकं तशीच दिसत राहतात, म्हणून उसवायचं ते सगळं मांजरपाटावर उसवायचं.

बाजूंना दीड इंच, बाकी सगळीकडे एक इंच मार्जिन ठेवून मांजरपाट कापा, मोठ्या टाक्याने जोडा, एक बाही लावा, पुढून टाचण्यांनी बंद करा. आरशासमोर उभ्या राहा, पण नुसत्या उभ्या राहू नका. औक्षणाला वाकतात तसं वाका. अक्षता टाकायचा हात करा. पाटावर बसतात तशा मांडी घालून बसा. अंबाडा घालायला दोन्ही हात मागे न्या. प्रत्येक वेळी बघा, कुठे ओढतंय, कुठे ढिलं पडतंय.

हात वर केल्यावर कंबरेची कड एक बोटापेक्षा जास्त वर जात असेल तर काखेत मांजरपाटाचा तुकडा ठेवून, मुंढा अर्धा इंच वर आणून टाचा आणि परत हात वर करा. फरक लगेच कळेल. मात्र बसल्यावर काखेत कापड टोचत असेल तर तो मुंढा खरंच घट्ट आहे, पाव इंच खाली घ्या. पाव इंचापेक्षा जास्त एका वेळी कापू नका.

छातीच्या टोकाकडे बाजूने सुरकुत्या येत असतील तर तिथे कापड कमी पडतंय. प्रिन्सेस लाइनच्या दोन्ही कडांना टक्स पॉइंटशी पाव-पाव इंच वाढवा आणि वरखाली शून्यावर आणून मिळवा. पुढचा गळा वाकल्यावर उघडा पडत असेल तर गळ्यापासून टक्स पॉइंटच्या दिशेने चिमटीत जेवढं कापड येतं तेवढं टाचा. मग कागदावर गळ्याकडून तेवढी घडी घाला, ती मुंढ्याच्या बाजूने प्रिन्सेस लाइनमध्ये आपोआप उघडते. नवीन शिकणाऱ्या हे गळ्याची पट्टी ओढून दुरुस्त करायला जातात, त्याने गळा चुण्या पडल्यासारखा दिसतो. पाठीवर मानेखाली आडवी घडी पडत असेल तर तुमचे खांदे सरळ आहेत, उतार पाऊण इंचावरून अर्ध्यावर आणा आणि मुंढाही तेवढाच वर सरकवा. मागचा खोल गळा पाठीपासून सुटत असेल तर गळ्याच्या कडेवर पाव इंचाची चीप, म्हणजे छोटी घडी, घेऊन ती मुंढ्याकडे शून्यावर न्या.

प्रत्येक बदल पेनने मांजरपाटावरच लिहा, तारीख घाला. बदल कागदावर उतरवल्यावर शक्य असेल तर दुसरा मांजरपाट शिवा. मी पहिल्या ब्लाउजला तीन शिवले होते. त्याच कागदावरून त्यानंतर अकरा ब्लाउज शिवले.

रेशमाला कात्री

ब्लाउजपीस साधारण ८० सेंटिमीटर ते एक मीटर असतो आणि काठ लांबीच्या दोन्ही कडांना. बाहीची खालची कड काठावर येते, म्हणजे बाही कापडावर आडवी लागते. काठ साधा नारळी असेल तर एकाच काठातून दोन्ही बाह्या काढून दुसरा काठ पाठीला वापरता येतो. पण काठावर मुनिया, म्हणजे पोपट, असतील तर थांबा आणि त्यांच्या चोची कुणीकडे आहेत ते बघा. सगळ्या चोची एकाच दिशेला असतील आणि दोन्ही बाह्या एकाच काठातून काढल्या, तर एका दंडावरचे पोपट पुढे बघतात आणि दुसऱ्यावरचे मागे. बाहीचे कागद समोरासमोरच्या दोन काठांवर ठेवून, "पुढे" अशी खूण करून बघा, बहुतेक वेळा एकेका काठातून एकेक बाही काढली की जुळतं. एवढं कोण बघतं असं वाटेल, पण फोटोत हात जोडलेले असतात तेव्हा दोन्ही काठ शेजारी येतात.

धूपछाँव रंगाचा पीस असेल तर पुढचे-मागचे सगळे भाग एकाच दिशेने मांडा. एखादा उलटा लागला तर उजेडात तो तुकडा वेगळ्या रंगाचा वाटतो. बाही आडवी असल्याने तिची छटा किंचित निराळी दिसते, ते स्वाभाविक आहे. हातमागाच्या कापडाची सुलट-उलट बाजू जवळपास सारखीच असते, त्यामुळे कापल्या कापल्या प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूला मार्जिनमध्ये खडूची फुली करा. टाचण्या बारीक घ्या आणि फक्त मार्जिनमध्येच टोचा.

सगळे कागद एकदम मांडून बसतायत हे बघितल्याशिवाय एकही तुकडा कापू नका. बाजूंना दीड इंच मार्जिन इथेही हवीच. पैठणी मुलीला, सुनेला जाते, ब्लाउजही वाढवता आला पाहिजे. गळा मात्र आत्ता कापायचा नाही. गळ्याच्या जागी कापड अखंड ठेवा.

शिवण

प्रत्येक रेशमी तुकड्याखाली त्याच मापाचा अस्तराचा तुकडा ठेवून, दोन्ही टेबलावर सपाट असताना, कडेने सुती दोऱ्याने धावदोरा घाला. हातात धरून घालू नका, अस्तर सरकतं. गळ्याच्या आणि पुढच्या उघड्या कडांना मात्र धावदोरा नको, तिथे दोन थर वेगळे राहू द्या.

प्रिन्सेसची शिवण टक्स पॉइंटपासून सुरू करा. आधी वर मुंढ्यापर्यंत, मग परत पॉइंटपासून खाली. एका दमात वरून खाली आलात तर बाजूचा तुकडा पुढे सरकत जातो आणि शेवटी पाव इंच उरतो. बाजूच्या तुकड्याचा गोल भाग वर ठेवून, खुणा जुळवून, आधी कच्ची शिलाई आणि मग टीप. नंतर गोल भागाच्या मार्जिनला टिपेपासून दोन धागे सोडून छोटे कट द्या. शिवण उघडून, खाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून इस्त्री करा, म्हणजे गोलवा चपटा होत नाही. इस्त्री कायम उलट बाजूने, मधे सुती कापड ठेवून, रेशमाच्या खुणेवर. वाफेचं बटण बंद. पाण्याचा थेंब पडला तर रेशमावर डाग राहतो, आणि काठातला जरीचा धागा प्लॅस्टिकचा असेल तर जास्त उष्णतेने आक्रसतो. कडेच्या चिंधीवर आधी बघून घ्या.

पाठीचे टक्स आणि खांदे जोडून झाले की गळा. आता कागद ठेवून गळ्याची रेषा खडूने आखा. अस्तराच्या उलट बाजूला गळ्याच्या आकाराची एक इंच रुंद कॅनव्हासची पट्टी चिकटवा. अस्तर आणि रेशीम सुलट बाजू समोरासमोर घेऊन रेषेवर टीप मारा, मग पाव इंच सोडून आतलं कापड कापा, गोलाईत कट द्या आणि उलटवा. यासाठी खांद्यापासून गळ्यापर्यंत अस्तर आणि रेशीम वेगवेगळं जोडलेलं हवं, हे खांदे जोडतानाच लक्षात ठेवा. उलटवल्यावर वरून टीप न मारता मार्जिन अस्तराकडे वळवून फक्त अस्तरावर दाबटीप मारा. अस्तर बाहेर डोकावत नाही आणि पैठणीच्या गळ्यावर दोऱ्याची रेघही येत नाही. ठसठशीत कड आवडत असेल तर उरेब (तिरक्या) पट्टीची पायपिन करा, पण पट्टी खरोखर ४५ अंशांत कापलेली हवी.

पुढे उजव्या बाजूला हूकपट्टी आत दुमडून, डाव्या बाजूला आयपट्टी (हूक अडकवायची पट्टी) बाहेर अर्धा-पाऊण इंच ठेवून. उजवी बाजू वर येते. छातीच्या बरोबर रेषेवर एक हूक यायलाच हवा. आधी तो मांडा, मग बाकीचे वरखाली सारख्या अंतरावर. पाच-सहा हूक पुरतात.

बाही बाजूची शिवण घालायच्या आधी, सपाट असताना लावा. गोलव्यावर दोन ओळी मोठ्या टाक्याच्या घालून दोरा हलकेच ओढा आणि ते जास्तीचं अर्धा-पाऊण इंच खांद्याच्या दोन्ही बाजूंना पसरवा. चुणी दिसता कामा नये. कच्ची शिलाई घालून एकदा अंगावर चढवा, हात वर करून बघा, मग टीप. शेवटी बाहीच्या काठापासून कंबरेपर्यंत बाजूची एक सलग टीप. काठाच्या रेषा आधी टाचणीने जुळवा आणि शिवण काठाकडून सुरू करा, म्हणजे फरक पडलाच तर तो कंबरेला जातो, दंडावर दिसत नाही. मुख्य टिपेच्या बाहेर पाव-पाव इंचावर आणखी दोन टिपा मारून ठेवा, पुढे सैल करायचा झाला तर आतली एक उसवली की झालं.

कडा इंटरलॉक करून घ्या, घरी मशीन नसेल तर गल्लीतल्या पिको-फॉलवाल्या ताई करून देतात. कंबरेची पट्टी आणि बाहीची आतली घडी हातशिलाईनेच करा, एकेरी दोऱ्याने, रेशमाचा एकच धागा उचलत. या दोन तासांत मशीनच्या शिवणीपेक्षा वेगळा तयार ब्लाउज हातात येतो.

पूर्ण झाल्यावर साडी नेसून, दागिने घालून, कार्याच्या चार दिवस आधी घरात अर्धा तास वावरा. मंगळसूत्र गळ्याच्या कडेशी कुठे येतं, पदराची पिन खांद्यावर कुठे लावायची, ते तेव्हाच ठरतं. काखेत सुती घामपट्ट्या कच्च्या शिलाईने लावा, कार्य झालं की काढून धुता येतात. ब्लाउज हवेवर वाळवून, उलटा करून, मलमलच्या कापडात ठेवा. उरलेल्या काठाचा तुकडा, अस्तराची चिंधी आणि त्याच दोऱ्याची रीळ एका पाकिटात घालून, वर साडीचं नाव आणि मापाची तारीख लिहून, ते ब्लाउजजवळच ठेवा.